नादारी

लिंबायत, सुरत
ता. ११ फेब्रुवारी १९९८

चि. भिकन,

पत्रावर श्री लिहिलेलं नाही. वर्ष होईपर्यंत लिहू नये म्हणतात, म्हणून.

लिहिण्याचं कारण एवढंच, की तू तेराव्याला आणलेलं लुगडं इथे राहिलं आहे. मी हात लावला नाही, तेव्हा तू ते परत नेशील असं वाटलं होतं. तू ते शेजारच्या पार्वतीमावशींच्या ओट्यावर ठेवून गेलास. त्यांनी चार दिवस सांभाळलं आणि मग ज्योतीच्या हातात दिलं. आता ते कपाटावर आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोरीसुद्धा सोडलेली नाही. येऊन घेऊन जा. मी घरीच असते. साड्यांचे धागे कापायचं काम घेतलं आहे. दिवसाला चाळीस-पन्नास साड्या हातातून जातात. त्यात तुझं एक कपाटावर पडलेलं मला नको आहे.

मी जे बोलले ते चार माणसांत बोलले. ते मागे घेण्यासाठी हे पत्र नाही. तू चपला काढून उंबऱ्याशी उभा होतास, दोन्ही हातांवर लुगडं. मी म्हटलं, "तुला कोर्टाने सोडलं. आम्हाला कोणी सोडलं नाही. आता या दारात येऊ नको." तू मान खाली घातलीस. काहीतरी बोलला असतास तर बरं झालं असतं. मंदा तुझ्यामागे रडत होती. तिच्यावर माझा राग नाही, तिला सांग.

नवरा गेलेल्या बाईला तेराव्याला माहेरचं लुगडं नेसवतात. माहेर नसेल तर गल्लीतलं कोणी देतं. मी पार्वतीमावशींनी दिलेलं नेसले. रिवाज झाला.

तुझ्या कामरेजहून बस तासाभरात येते. मलाही येता आलं असतं. पत्र लिहिणं सोपं वाटलं.

रंजना


लिंबायत
ता. २८ एप्रिल १९९८

चि. भिकन,

तू आला नाहीस. उत्तरही नाही.

उद्या आखाजी, कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. आई होती तोवर तू मला न्यायला यायचास. खांद्यावर माझी पिशवी आणि तोंडाने सारखी बडबड. यंदा मला इथेच यांच्या नावाने घागर भरायची आहे. खरबूज आणून ठेवलं आहे, ते घागरीवर ठेवायचं. ज्योतीने विचारलं, पप्पांनी सगळ्या गल्लीला पाणी दिलं, त्यांना आपण एक घागर द्यायची का?

ते कसे गेले हे तुला कोणीतरी सांगितलंच असेल. पण माझ्याकडून तू ऐकलेलं नाहीस.

तो सोमवार होता. आमच्याकडे पाणी साडेपाचला येतं आणि सातला जातं. हे पाचला सायकलवरून निघायचे, चौकातल्या खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह उघडायचे, सातला पुन्हा उतरून बंद करायचे. अकरा वर्षं महापालिकेत त्यांचं हेच काम. त्या दिवशी सातला पाणी गेलं नाही. साडेसातलाही नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका खूश. मी टाकी भरली, हंडे भरले, मग गोधड्या धुवायला काढल्या. पार्वतीमावशी नळावरून म्हणाल्या, "रंजना, तुना मालक आज मेहेरबान शे." मी हसले. आठला मी गोधडी पिळत होते, नळ चालूच होता, आणि त्यांची सायकल हातात धरून दुसराच माणूस गल्लीत आला.

खड्ड्याच्या कडेला बसले होते म्हणे. व्हॉल्व्हची चावी मांडीवर होती.

डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणते झोप. शहाण्णवच्या ऑगस्टपासून त्यांचा पगार अर्धा यायचा. उरलेला अर्धा भरून काढायला ते दुपारी चार ते रात्री बारा दुसऱ्याच्या यंत्रमागावर उभे राहायचे. पहाटे पाचला पुन्हा पाणी. दीड वर्ष. तूही मागावर काम केलं आहेस, आठ तासांनी पाय कसे होतात ते तुला सांगायला नको.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. लिहिलं की माझा राग जागेवर राहतो. तुला स्वतःचं मागांचं खातं टाकायचं होतं. चार जुने माग, पत्र्याची शेड. शराफी मंडळी, म्हणजे इथली पतपेढी, कर्ज द्यायला तयार होती, पण कायम नोकरीचा जामीन पाहिजे होता. आपल्या माणसांत कायम नोकरीचे हे एकटे. यांनी एका शब्दाने विचारलं नाही, सही केली. मग प्लेग आला, कारागीर गावाला पळाले ते सगळे परतले नाहीत, माग उभे राहिले, व्यापाऱ्याने तुझे पैसे बुडवले. इथपर्यंत मी तुला दोष दिला नाही. कधी दिला नाही.

पण नंतर तू कोर्टात गेलास आणि तुझं कार्ड आलं. ते मी ठेवलं आहे. "ताई, कोर्टाने नादारी मंजूर केली. आता चिंता नाही." चिंता कोणाला नाही, ते तू लिहिलं नाहीस. पुढे मंडळीचा कागद आला तो कोणी नीट वाचला नाही. तारखेला कोणी गेलं नाही. मंडळीने यांचा पगार धरला.

तू सुटलास आणि हे अडकले. एवढंच मला म्हणायचं होतं तेराव्याला. बोलताना ते वाकडं आलं असेल.

लुगडं अजून कपाटावरच आहे.

रंजना


लिंबायत
ता. ९ ऑगस्ट १९९८

चि. भिकन,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांनी एक ओळ. "ताई, लुगडं तुझंच आहे, राहू दे."

माझं नाही. मी घेतलेलं नाही.

काल राखी पाठवली नाही. यंदा सुतक आहे असं मी ज्योतीला सांगितलं. तिने पार्वतीमावशींना विचारलं आणि मला येऊन म्हणाली की राखीला सुतक लागत नाही.

रंजना


लिंबायत
ता. २२ ऑक्टोबर १९९८

चि. भिकन,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. दोनदा फाडलं.

काल भाऊबीज होती. मी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं.

गेल्या महिन्यात घरी एक गोष्ट झाली. ज्योती अकरावीत आहे. वडील नसलेल्या मुलींची फी माफ होते असं मला कळलं. मी तिला म्हटलं, शाळेतून नादारीचा फॉर्म आण. ती म्हणाली, "आई, असं कोणासमोर बोलू नको. नादार तर मामा झाला. आपण काय नादार आहोत?" मी तिला सांगितलं की नादारी म्हणजे फी माफी. ती म्हणाली फी माफीला फी माफीच म्हणतात. नादार म्हणजे ज्याचं दिवाळं निघालं तो. तिने इतकं सहज सांगितलं. सुरतेत जन्मलेली पोर, तिला तो शब्द इथलाच माहीत.

मला कुठला माहीत होता ते तुला सांगायचं आहे.

आपल्या गावच्या हायस्कुलात जून महिन्यात जुने हेडमास्तर वर्गात यायचे आणि म्हणायचे, नादारीवाल्यांनी उभं राहावं. सरकारी कागदावर काहीतरी दुसरं नाव असायचं, ते मात्र नादारीच म्हणायचे. मी उभी राहायची. सगळे बघायचे, कान गरम व्हायचे. मग नाव लिहून घेतलं की खाली बसायचं, आणि वर्षभर कोणी फी मागायचं नाही. माझी नादारी मंजूर झाली की बाबा सगळ्या आळीला सांगायचे. तू सातवीत शाळा सोडलीस, तुला उभं राहावं लागलं नाही. माझ्या डोक्यात नादारी म्हणजे ते खाली बसणं. आता कोणी मागायला येणार नाही.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी शिरा केला होता. देवापुढे नारळ फोडला. तुझी नादारी मंजूर झाली म्हणून.

मग जून महिन्यात मंडळीचा कागद आला. गुजरातीत होता. यांनी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तू शिकेल शे, तूच सांग काय शे." मी अक्षरं जुळवून वाचलं. तुझं नाव, त्यापुढे नादार, खाली यांचं नाव आणि एक तारीख. बाकीचं मला नीट लागलं नाही. लागलं नाही असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, भिकनची नादारी झाली ना, तेच कळवलं आहे. शाळेत मंजुरी आली की घरी कागद यायचा तसा. यांनी विचारलं, "मंग माले जावानं काम नही ना?" मी म्हटलं, नाही. माफ झालं म्हणजे सगळ्यांचंच माफ झालं. कागद मी देवाच्या फळीखाली ठेवला.

पगार कापून आला तेव्हा मी स्वतः मंडळीत गेले. तिथे धर्मेंद्रभाई म्हणून कारकून आहेत. ते म्हणाले, "बेन, नादार तो तमारा भाई थया. जामीन थोडा नादार थया?" भाऊ सुटला, जामीनदार सुटला नाही. मी परत चालत आले. रिक्षाचे पैसे हातात होते ते तसेच राहिले.

घरी येऊन यांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पुढे कधी तो विषय त्यांनी काढला नाही. तू चुकीचं वाचलंस असं एकदा म्हणाले असते, रागाने ताट सरकवलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी उलट मला मास्तरीणबाई म्हणायला सुरुवात केली. आधीही अधूनमधून म्हणायचे, त्यानंतर जास्त. लाइटचं बिल आलं तरी माझ्यापुढे धरायचे. वाच मास्तरीणबाई.

तारखेला गेले असते तर मुदत मागता आली असती. हप्ता लहान करून घेता आला असता. रात्रीचं काम लागलं नसतं.

एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं, तो कागद कोणी नीट वाचला नाही. कोणी म्हणजे मी. ज्योतीला हे माहीत नाही. गल्लीत माहीत नाही. सगळ्यांना मी तुझं नाव सांगितलं आहे.

तेराव्याला तू दारात उभा होतास आणि मी तुझ्यावर ओरडत होते, तेव्हा मला भीती होती की तू म्हणशील, ताई, कागद कोणी वाचला होता? तू म्हणाला नाहीस. मला वाटलं तुला माहीत नसेल.

हे पत्र पेटीत टाकेन की नाही, आत्ता सांगता येत नाही.

रंजना


।। श्री ।।

लिंबायत
ता. २७ डिसेंबर १९९८

प्रिय भिकन,

वर श्री लिहिलं आहे. वर्ष व्हायला अजून बारा दिवस आहेत, तरी लिहिलं.

ऑक्टोबरचं पत्र टाकलं नव्हतं. ते आता या पाकिटात आहे. आधी ते वाच, मग हे.

यांच्या फंडाचे पैसे मिळाले. त्यातून मंडळीचं जे उरलं होतं ते मी भरून टाकलं. परवा बाकी नसल्याचा दाखला आणायला गेले होते. धर्मेंद्रभाईंनी फाइल काढली, मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी नको म्हटलं. दाखला लिहिता लिहिता ते म्हणाले, हिलालभाई भला माणूस होता, पहिल्या तारखेलाच आला, बाकीचे जामीन तोंड लपवतात.

मी म्हटलं, तुमची चूक होते आहे. ते तारखेला आले नव्हते.

त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. १८ जून १९९६. जामीनदार हजर. कर्जाच्या कागदावरची सही माझी आहे, पैसे मी भरीन, हप्ता लहान करून द्यावा. खाली सही. ती मी कुठेही ओळखेन. लग्न झालं तेव्हा ते अंगठ्याएवढं अक्षर काढायचे. मी पाटीवर सही गिरवून घेतली होती, शेवटच्या 'ल'ची शेपटी लांब काढायला मीच शिकवलं होतं. तीच शेपटी. शेजारी लिहिलं होतं, ओळख देणार, आणि तुझी सही.

दोन्ही सह्या एका ओळीत आहेत. तुझी जरा खाली घसरलेली.

हप्ता त्या दिवशीच लहान झाला होता. जो अर्धा पगार यायचा, तो लहान केल्यानंतरचा. म्हणजे मी नीट वाचलं असतं तरी एवढंच झालं असतं. हे मला तिथे बसून कळलं. मी दोन वर्षं जे छातीवर घेऊन झोपते ते त्यांनी १८ जूनलाच उतरवलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं.

धर्मेंद्रभाईंना तो दिवस आठवत होता. त्यांनी यांना समजावून सांगितलं की नादारी एकट्या कर्जदाराची असते, जामीन सुटत नाही. धर्मेंद्रभाईंनी विचारलं, कागद घरी कोणी वाचला नाही का? तेव्हा हे बोलले. धर्मेंद्रभाईंनी जसं सांगितलं तसं लिहिते. "मारी घरवाली भणेली छे. एणे बराबर ज वांच्युं छे. अहींनो अर्थ जुदो हशे."

माझी बायको शिकलेली आहे. तिने बरोबरच वाचलं आहे. इथला अर्थ वेगळा असेल.

मग त्यांनी विनंती केली की यापुढचे कागद घरी पाठवू नका, पाणीखात्याच्या ऑफिसात पाठवा. आणि तू त्यांच्यामागे हात जोडून उभा होतास.

मग मी चहा घेतला.

त्या दिवशी हे मला सांगून गेले होते की नवापूरला बैठकीला जातो आहे. संध्याकाळी आले ते आंबे घेऊन. म्हणाले, रस्त्यात स्वस्त मिळाले. मी रस केला, ज्योतीने तीन वाट्या खाल्ला. ते आंबे तू दिलेस का रे? मला खरं सांग. आता लपवायला कोणी सांगणार नाही.

त्यांनी तुला काय सांगितलं असेल ते मला ऐकल्यासारखं वाटतं. "रंजनाले सांगू नको." एवढंच म्हणाले असतील. ते कुठे जास्त बोलायचे. आणि तू ते पाळलंस. ते गेल्यावरही पाळलंस. मी चार माणसांत तुला दार बंद केलं, तुझा एक शब्द मला खोटी पाडू शकत होता, आणि तू मान खाली घालून चपला शोधत राहिलास.

घरी येऊन मी कपाटावरून तुझं लुगडं काढलं. दोरी दाताने सोडली, गाठ बसली होती. मला वाटत होतं पांढरं असेल. निळं निघालं, बारीक काठाचं. दुकानात तू आणि मंदा कितीदा खाली-वर झाला असाल. मी वर्षभर लोकांच्या साड्यांचे धागे कापते आहे, कापड हाताला कळतं. चांगलं आहे.

तुझ्याआधी आईची तीन मुलं गेली. तू झालास तेव्हा मी सहा वर्षांची. तुझ्या अंगाला घरचं कापड लावायचं नाही असं ठरलं. आई बाळंतीण, उठता येत नव्हतं. मग मीच काकूबरोबर पाच घरी गेले, पदर पुढे करून. कोणी जुनं धोतर दिलं, कोणी चोळीचा तुकडा. त्याचं तुझं पहिलं अंगडं झालं, म्हणून तुझं नाव भिकन. तू जगलास. मी सगळ्यांना सांगत फिरायचे की भाऊ मी मागून आणला.

आणि तू दोन्ही हातांवर कापड घेऊन आलास तर मी ते घेतलं नाही.

ज्योतीला मी काल सगळं सांगितलं. कागद कोणी वाचला तेही. ती बराच वेळ माझ्याकडे पाठ करून बसली होती. मग म्हणाली, "मामाला बोलव." पार्वतीमावशींनाही सांगणार आहे. गल्लीत बाकीच्यांना त्या सांगतील, तो त्रास मला पडणार नाही.

यांचं वर्षश्राद्ध तिथीने आठ जानेवारीला येतं, शुक्रवार. तू आणि मंदा दोघं या. लुगडं न्यायला येऊ नकोस, नेसवायला ये. दोरी सोडली आहे, घडी मोडलेली नाही. तू आल्याशिवाय मोडणार नाही.

पहिल्या बसने निघ. व्हॉल्व्हवर आता नवीन माणूस आहे, तो सातच्या ठोक्याला पाणी बंद करतो. त्याआधी पोचलास तर नळाच्या पाण्याने हातपाय धुशील. उशीर झाला तरी घाई करू नकोस. एक हंडा तुझ्यासाठी भरून ठेवते.

तुझी ताई